बँकेची रात्र कुठे गेली?

१९८० च्या आसपासची राष्ट्रीयीकृत बँकेची कुठलीही शाखा घ्या. दुपारी दोनला काउंटर बंद व्हायचा आणि बँकेचं खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. दिवसभराची व्हाउचरं गठ्ठ्यानं टेबलावर यायची. बचत खात्यांच्या जाडजूड लेजरांमधून त्या त्या खातेदाराचं पान काढायचं, रक्कम चढवायची, नवी शिल्लक मांडायची, अधिकाऱ्याची सही घ्यायची. मग सगळ्याची बेरीज डे-बुकशी जुळवायची. जमा-नावे जुळलं की घरी. नाही जुळलं तर चहा मागवायचा आणि पुन्हा बसायचं. मुरलेला कारकून फरकाचा आकडा बघूनच रोग ओळखायचा. फरकाला नऊनं भाग जातोय? म्हणजे कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेत. फरक सम आहे आणि त्याच्या निम्म्या रकमेचं व्हाउचर गठ्ठ्यात सापडतंय? म्हणजे जमेची रक्कम नावे पडली आहे. ही विद्या कुठल्या पुस्तकात शिकवत नसत, ती शेजारच्या टेबलावरून यायची.

या पद्धतीत काही गोष्टी इतक्या गृहीत होत्या की त्यांचा वेगळा उच्चारही होत नसे. खातं शाखेत असतं. दादरचा खातेदार ठाण्याच्या शाखेत गेला तर तिथे त्याला कुणी ओळखत नाही. दिवस संध्याकाळी संपतो, आणि तो संपल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही. शिवाय, बँकेत जाऊन व्हाउचर भरण्याइतकी रक्कम असेल तरच तो बँकेचा व्यवहार. चहा-भाजी हा खिशातल्या सुट्ट्या पैशांचा विषय. गेल्या चाळीस वर्षांत भारतीय बँकांमधल्या संगणकांनी काय केलं, हे यंत्रांची यादी करून कळत नाही. यातलं कुठलं गृहीतक कधी मोडलं, ते बघावं लागतं.

सुरुवातीला एकही मोडलं नाही. कर्मचारी संघटनांचा संगणकाला कडवा विरोध होता, आणि नोकऱ्या जातील ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि संघटना यांच्यात करार झाला आणि मर्यादित यंत्रं आत यायला वाट मिळाली. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या नावात ‘संगणकीकरण’ नव्हतं, ‘यांत्रिकीकरण’ होतं. शाखांमध्ये आलं ते ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’. नाव भारदस्त असलं तरी काम एकच, लेजरचं पान हातानं लिहिण्याऐवजी यंत्रावर चढवायचं आणि छापून फाइलला लावायचं. बेरजा चुकेनात, बॅलन्सिंग लवकर होऊ लागलं. पण खातं शाखेतच राहिलं. पुढे नव्वदच्या दशकात शाखेतली सगळीच कामं शाखेतल्या सर्व्हरवर आली. रोज रात्री एखादा उत्साही कारकून किंवा अधिकारी त्याचा बॅकअप टेपवर घ्यायचा आणि टेप कपाटात ठेवून कुलूप लावायचा. कागदाच्या लेजरची जागा विजेच्या लेजरनं घेतली, एवढंच. संस्था जिथल्या तिथे.

खरा धक्का बाहेरून आला. १९९४-९५ मध्ये एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक अशा नव्या खासगी बँका उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे जुनी लेजरं नव्हती, म्हणून जुन्या सवयीही नव्हत्या. खातं शाखेत असलंच पाहिजे असं त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. सरकारी बँकांना मात्र आधी ढकलावं लागलं, आणि ढकलणारा माणूस अनपेक्षित होता. १९९८ मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सरकारी बँकांना फर्मावलं की १ जानेवारी २००१ पर्यंत किमान ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणा. कारण ग्राहकसेवेचं नव्हतं, घोटाळ्यांना आळा घालण्याचं होतं. भ्रष्टाचार शोधणाऱ्या खात्यानं संगणकीकरणाला टाच मारावी, हे आपल्याकडेच घडू शकतं.

त्यानंतर आली ती कोअर बँकिंग यंत्रणा, बँकेतल्या भाषेत ‘सीबीएस’. कल्पना साधी आहे: सगळ्या शाखांची सगळी खाती एकाच ठिकाणच्या संगणकावर ठेवायची आणि शाखेत फक्त पडदा ठेवायचा. स्टेट बँकेनं हे काम टीसीएसकडे दिलं. दहा हजारांच्या आसपास शाखा एकेक करून आपापले सर्व्हर बंद करत नवी मुंबईत बेलापूरला असलेल्या केंद्राशी जोडल्या गेल्या, आणि २००८ च्या सुमाराला ते काम आटोक्यात आलं. एकेका शाखेचं ‘मायग्रेशन’ म्हणजे शाखेत लग्नघर. रात्रभर जुन्या शिल्लका नव्या यंत्रणेत ओतायच्या, सकाळी बेरीज जुळते का बघायची, आणि नावाच्या स्पेलिंगपासून वारसापर्यंतच्या वर्षानुवर्षं झाकलेल्या चुका त्या एका रात्रीत उघड्या पडायच्या.

इथे पहिलं गृहीतक मोडलं. ग्राहक शाखेचा होता, तो बँकेचा झाला. शाखा व्यवस्थापकाचा रुबाब यात बराच गेला. पूर्वी ‘आपलं गिऱ्हाईक’ म्हणून चेक पास करण्याची, व्याजात थोडं इकडेतिकडे करण्याची जी मुभा होती, ती आता पडद्यावरच्या चौकटींत बांधली गेली. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं मंजूर करायची, ही जुनी शिस्त सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उतरली. पण कुणाला किती रकमेपर्यंत मंजुरी, हे मुख्यालयात ठरू लागलं. जुन्या जगाची एक खूण मात्र अजून आपल्या चेकबुकवर आहे. आयएफएससी कोडची शेवटची सहा अक्षरं शाखा सांगतात. खातं शाखेतून कधीच निघून गेलं, पत्ता तेवढा मागे राहिला.

खातेदाराला यातून काय मिळालं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण व्याजाचं आहे. जुन्या वाचकांना ‘दहा तारखेच्या आत पैसे भरा’ हा सल्ला आठवत असेल. बचत खात्यावर व्याज मिळायचं ते महिन्याच्या दहा तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर. म्हणजे एक तारखेला खात्यात ४०,००० रुपये असले आणि २८ तारखेला काही कारणानं शिल्लक एकदाच ५०० वर आली, तर त्या महिन्याचं व्याज ५०० रुपयांवर. अकरा तारखेला पैसे भरले तर त्यांना त्या महिन्याचं व्याजच नाही. नियम कंजूष होता खरा, पण तो हाताचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. लाखो खात्यांची रोजची शिल्लक धरून व्याज काढायला माणसं कुठून आणायची? महिन्यातला एक आकडा काढणं तेवढं जमण्यासारखं होतं. सीबीएस बसल्यावर ही सबब उरली नाही. रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज मोजण्याचा नियम लागू केला. कुठल्याही मोर्च्याविना, कुठल्याही जाहिरातीविना ठेवीदारांच्या पदरात पडलेली ही वाढ आहे, आणि तिचं श्रेय संगणकाला जातं.

यंत्रणा संस्थेच्या हाडात इतकी गेली की पुढे संस्थांच्या सोयरिकीही तिच्यावरून ठरल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये दहा सरकारी बँकांच्या चार बँका करण्याची घोषणा झाली, तेव्हा सरकारनं जोड्या लावण्याचं एक कारण असं दिलं की या बँकांचं कोअर बँकिंग सॉफ्टवेअर सारखंच आहे. पंजाब नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड बँक फिनॅकलवर. कॅनरा आणि सिंडिकेट आयफ्लेक्सवर. इंडियन आणि अलाहाबाद बँक ‘बँक्स’ या सॉफ्टवेअरवर. कधीकाळी पत्रिका जुळवताना गोत्र बघत, इथे सॉफ्टवेअर बघितलं.

तरीही संध्याकाळ शिल्लक होती. सीबीएसमध्ये ‘डे-एंड’ नावाचा विधी असतो. शाखांनी रोकड जुळवायची, अडकलेल्या नोंदी मंजूर करायच्या किंवा रद्द करायच्या. मग केंद्रात रात्री एकामागून एक कामं लागतात: व्याजाची आकारणी, ठरलेले हप्ते वळते करणं, शुल्क कापणं, अहवाल काढणं, आणि सरतेशेवटी यंत्रणेची तारीख पुढे सरकवणं. कारकुनाचं दुपारी दोननंतरचं काम होतं तेच हे, फक्त माणसाऐवजी संगणक करू लागला. या कामांना रात्र लागते. रात्री ग्राहक झोपलेला असतो, यंत्राला उसंत मिळते, देखभालही तेव्हाच उरकते. एटीएम रात्री चालत, पण तिथली वर्दळ तुरळक. तेवढ्या नोंदी बाजूला टिपून ठेवून दिवस उघडल्यावर मूळ खात्यात चढवता येत.

मग ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआयची घोषणा झाली. ज्यांनी पहिल्या महिन्यांत ते वापरलं असेल त्यांना आठवेल, ते काही फार ऐटबाज नव्हतं. डिसेंबर २०१६ च्या पूर्ण महिन्यात, नोटाबंदी होऊन गेलेली असताना, देशभरात वीस लाखांच्या आसपास व्यवहार झाले. मोठ्या बँकेच्या संगणक विभागाला त्यात घाम फुटण्यासारखं काही नव्हतं. हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी १९९५ मध्ये हार्ड डिस्कच्या कारखान्यांचा अभ्यास करून मांडलं होतं की प्रस्थापितांना उलथवणारं तंत्र सुरुवातीला स्वस्त, तोकडं आणि दुर्लक्ष करण्याजोगं दिसतं. यूपीआयला ते वर्णन लागू पडतं, पण अर्धंच. त्यांचा सिद्धांत बाजारातल्या हरण्या-जिंकण्याचा आहे. यूपीआयनं कुठल्या बँकेला बाजारातून घालवलं नाही; सगळ्या बँका जागेवर आहेत. उलथापालथ झाली ती त्यांच्या भिंतींच्या आत, संगणक विभागात.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले. दिवसाला चौसष्ट कोटींहून अधिक. रात्रंदिवस सरासरी काढली तरी दर सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास. आणि यात मध्यरात्र असा वेगळा प्रकार नाही. पहाटे तीनला दादरच्या फूलबाजारात झेंडूचे पैसे दिले जातात, पावणेचारला वाशीच्या मार्केटमध्ये टेम्पोवाल्याचे. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायच्या सोयींपैकी एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू झालं. दुसरं गृहीतक असं गेलं. डे-एंड अजून होतो, पण आता तो चालत्या गाडीची चाकं बदलल्यासारखा करावा लागतो.

सव्वा वाजता, दहा रुपयांच्या कटिंगसाठी तुम्ही क्यूआर स्कॅन केलात की काय होतं ते जवळून बघू. तुमच्या ॲपकडून विनंती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या स्विचकडे जाते. स्विच चहावाल्याचं खातं कुठे आहे ते शोधतो आणि तुमच्या बँकेला विचारतो. तुमच्या बँकेचं सीबीएस पिन बरोबर असल्याची खात्री झाल्यावर शिल्लक बघतं, दहा रुपये नावे टाकतं, होकार कळवतं. स्विच चहावाल्याच्या बँकेला सांगतो, तिथे दहा रुपये जमा होतात, तीही होकार देते. मग दोन्ही फोनवर निरोप येतो. या साऱ्यासाठी जून २०२५ पर्यंत ३० सेकंदांची मुदत होती. आता १५ आहे. बँकाबँकांमधला प्रत्यक्ष हिशेब मात्र दिवसातल्या ठराविक फेऱ्यांत, देणं-घेणं वजा करून मिटतो. म्हणजे चहावाल्याला त्याचे पैसे आधी मिळतात आणि त्याच्या बँकेला नंतर.

एका कटिंगमागे दोन बँकांच्या मुख्य लेजरमध्ये दोन नोंदी. एकेकाळी ज्या लेजरमध्ये पगार, चेक आणि मुदत ठेवी चढत, तिथेच आता भाजीची जुडी, रिक्षाचे सुटे आणि पानपट्टी. शिवाय सवयीनं शिल्लक बघणाऱ्यांची गर्दी वेगळी. प्रत्येक वेळी तोच लेजर उघडावा लागतो. शेवटी एनपीसीआयला १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघता येईल अशी मर्यादा घालावी लागली. पन्नास वेळा शिल्लक बघणारा माणूस कोण असेल, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. वर, जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायला मनाई आहे. बँकांच्या खर्चाचं ओझं सरकारी अनुदानानं थोडं हलकं होतं, पण नोंद वाढली म्हणून कमाई वाढत नाही.

इथे तिसरं गृहीतक, व्यवहार नोंदवण्याजोगा मोठा असतो हे, कोसळलं. बँकांना यंत्र वाढवून त्याचा मुकाबला करता येत होता, आणि त्यांनी तो केलाही. पण सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय लाइटनं वेगळा उपाय काढला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. कपाटातून थोडे सुटे खिशात घेऊन निघावं तसं खात्यातून एकदाच थोडी रक्कम फोनमधल्या लाइटमध्ये घ्यायची. छोटे खर्च त्यातून, पिनशिवाय. मूळ लेजरमध्ये फक्त भरणा दिसतो. प्रत्येक चहाची नोंद लेजरमध्ये झालीच पाहिजे, हा हट्ट सोडून दिला. केंद्रात गोळा केलेल्या हिशेबाचा एक तुकडा पुन्हा बाहेर, ग्राहकाच्या हातात गेला. सीबीएसच्या वेळी जे शाखेतून केंद्राकडे निघालं होतं, ते आता थोडंसं उलट्या दिशेनं चाललं आहे.

याच प्रवासात लगाम मात्र बँकेच्या हातून बराच सुटला. यूपीआयच्या व्यवहारांपैकी चार-पंचमांशांच्या आसपास फोनपे आणि गुगल पे या दोन ॲपवरून होतात, आणि दोन्ही बँका नाहीत. बँकेचा काउंटर आता दुसऱ्याच्या ॲपमध्ये आहे. काउंटरवर चूक झाली की शिव्या बँकेला, हे मात्र बदललेलं नाही. रिझर्व्ह बँकही तेच धरते. वारंवार यंत्रणा बंद पडल्यानं डिसेंबर २०२० मध्ये तिनं एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल सेवा आणि नवी क्रेडिट कार्डं देण्यापासून थांबवलं. पूर्ण बंदी उठायला मार्च २०२२ उजाडला. संगणक विभागाची चूक थेट धंद्याला टाळं लावू शकते, हे त्या आदेशानं सगळ्या संचालक मंडळांना कळलं.

महाराष्ट्राला हा धडा त्याआधीच मिळाला होता. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी दुपारी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. चोरांनी बँकेच्या सीबीएसला हात लावला नाही. एटीएमकडून येणारी ‘पैसे देऊ का?’ ही विचारणा सीबीएसपर्यंत नेणारा जो स्विच असतो, त्याच्या जागी त्यांनी आपला बनावट स्विच बसवला. तो प्रत्येक विचारणेला परस्पर होकार देत होता. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी, भारतातून अडीच कोटी, आणि सोमवारी बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय ‘स्विफ्ट’ यंत्रणेच्या संदेशानं हाँगकाँगला आणखी सुमारे १४ कोटी गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक. लेजर शाबूत, खातेदारांच्या शिलका शाबूत, आणि पैसे गायब. जुन्या शाखेत पासिंग ऑफिसर सही आणि चेहरा बघून होकार द्यायचा. इथे होकार हा फक्त एक संदेश होता, आणि तो कुणी दिला हे विचारणारं मधे कुणी नव्हतं.

लहान बँकांचं दुखणं आणखी वेगळं. स्वतःचं डेटा सेंटर त्यांना परवडत नाही, म्हणून त्या सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर अवलंबून असतात. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीच्या व्हायरसचा हल्ला झाला, तेव्हा एनपीसीआयनं खबरदारी म्हणून तिला तोडून ठेवलं आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांची यूपीआयसारखी देवघेव त्या काळात थांबली. त्या बँकांनी काहीच चूक केली नव्हती. गावोगावच्या विकास सोसायट्याही आता याच रांगेत आहेत. जून २०२२ मध्ये केंद्रानं ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ज्यांचं दप्तर काल-परवापर्यंत सचिवाच्या कपाटात होतं, त्या सोसायट्या लेजर पोस्टिंग मशीन, शाखेचा सर्व्हर वगैरे पायऱ्या न चढता थेट केंद्राशी जोडलेल्या जगात उतरताहेत.

म्हणून सहकारी बँकेच्या किंवा सोसायटीच्या सभासदांना एक विनंती. सप्टेंबरपर्यंत तुमच्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा होईल. लाभांश किती आणि यंदा भेटवस्तू काय, यावर तास-दीड तास जाईल. त्यातली पाच मिनिटं राखून ठेवा आणि अध्यक्षांना तीन गोष्टी विचारा. आपली खाती कुणाच्या यंत्रणेवर आहेत? ती बंद पडली तर दुसरी कुठे तयार आहे, आणि ती चालते का हे शेवटचं कधी तपासलं? आणि रविवारी पहाटे तीनला फोन केला तर उचलणारा माणूस आपल्या बँकेचा आहे की कंत्राटदाराचा? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.